जास्त चाललेल्या गाडीचा क्लच: खरंच गेलाय की दुसरंच काही आहे?

भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. दोन गाड्या आत, एक बाहेर, आणि चौथी आली की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मनधरणी. बावीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कुठलं काम केलं असेल तर क्लचचं. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्नही त्याचाच: "दादा, क्लच किती किलोमीटर चालतो?"

आकडा हवाच असेल तर देतो. मुंबईत रोज ऑफिसला जाणारी छोटी पेट्रोल गाडी, बऱ्या हाताखाली असेल तर, साठ हजार ते लाखाच्या दरम्यान क्लच मागते. पुणे-कोल्हापूरकडे जास्त पळणारी गाडी दीड लाख सहज काढते. पण या आकड्यावर फार विसंबू नका. माझ्याकडे मुलुंडचे एक काका येतात, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या गाडीत १,८७,००० किलोमीटरपर्यंत कंपनीतून आलेलाच क्लच होता. त्यांच्या मुलाची गाडी, तेच मॉडेल, तेच इंजिन, २८,०००लाच क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायला आली. घर एक, पार्किंग एक, पेट्रोलपंपही एकच. फरक फक्त डाव्या पायाचा.

कारण क्लच किलोमीटरनं झिजतच नाही. पेडल पूर्ण सोडलेलं असतं तेव्हा क्लचची प्लेट फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये घट्ट दाबलेली असते, तिघं एकाच वेगानं फिरतात, घासायला काही उरत नाही. पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर प्लेट मोकळी. झीज होते ती या दोघांच्या मधल्या सेकंदांत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. ठाण्याहून नाशिकला गेलात तर असे सेकंद मोजके: टोलनाका, चहा, कसारा घाटात ट्रक आडवा आला तर थोडे जास्त. आणि संध्याकाळी मुलुंड चेकनाक्यावरून एलबीएसनं सायनला? एका टॅक्सीवाल्याच्या शेजारी बसून मी एकदा त्याचा क्लच मोजायला लागलो होतो. घाटकोपर यायच्या आत दीडशे झाले, मग मोजणं सोडून दिलं.

आणखी एक हिशोब, जो मी पोरांना पहिल्या आठवड्यातच शिकवतो. सपाट रस्त्यावर इंजिन १,००० आरपीएमवर ठेवून क्लच सोडला आणि तोच २,०००वर ठेवून सोडला, तर प्लेटमध्ये तयार होणारी उष्णता दुप्पट नाही, साधारण चौपट होते. वेगाचा वर्ग, शाळेत शिकलो तोच. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची सवय असेल तरी तेच, पहिल्याच्या तिपटीहून जास्त. रांगेत सरकताना "कशाला पहिला टाकायचा" म्हणून दुसऱ्यावर ओढणारे अर्धी मुंबई आहेत. सीएनजीवर ओढ जरा कमी, मागे बाटल्याचं वजन, म्हणून अॅक्सिलरेटर जास्त दाबला जातो. त्या गाड्यांचा क्लच आणखी लवकर येतो.

एवढं डोक्यात असेल तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी लक्षणं

क्लचची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो: घसरतोय की सुटत नाही? हे दोन उलटे आजार आहेत, आणि लोक दोन्हीला "क्लच गेला" म्हणतात.

घसरणारा क्लच असा ओळखा:
- फ्लायओव्हरच्या चढावर किंवा ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा चढतो, स्पीड तिथल्या तिथं
- जळका वास, विशेषतः सोसायटीचा रॅम्प चढून आल्यावर
- पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलते
- पेडल पूर्वीपेक्षा जड झालंय

न सुटणारा क्लच असा:
- सिग्नलला पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज
- पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे ढकलली जाते
- पेडल खाली जाऊन बसतं, पायानं वर ओढावं लागतं

बाकी दोन तक्रारी या दोन्हींत बसत नाहीत. एक म्हणजे सुटताना गाडी थरथरणं, दुसरी म्हणजे आवाज. त्यांचं पुढे येईलच.

पेडल जड होणं लोक मनावर घेत नाहीत, म्हणून थोडं सांगतो. प्लेट पातळ होत जाते तसा प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगचा कोन बदलतो, आणि तिला दाबायला जास्त जोर लागतो. हे रोज थोडं थोडं होतं, म्हणून चालवणाऱ्याला कळतच नाही. घरातलं दुसरं कोणी बसलं की लगेच म्हणतं, "अहो, हा क्लच आहे की शिलाई मशीनचा पाट?" असं ऐकलं की समजा, प्लेट उतरणीला लागली आहे.

खिशाला हात न लावता

पहिलं, मॅट. हसू नका. पवईहून एक ताई आल्या होत्या, गिअर पडत नाही म्हणून. दुसरीकडे त्यांना क्लच सेटचं एस्टिमेट मिळालेलं, पाच आकडी. मी दार उघडून खाली वाकलो. मूळ कार्पेट, त्यावर ते जाडजूड सेव्हन-डी मॅट, आणि त्याच्यावर पावसाळ्यासाठी घरातलं रबरी पायपुसणं. पेडल तळापर्यंत जायला दोन बोटं जागाच उरली नव्हती. दोन्ही मॅट काढून मागच्या सीटवर टाकली, इंजिन चालू करून गिअर टाकायला सांगितलं, लोण्यासारखा पडला. त्यांनी तीनदा टाकून बघितला, मग मला विचारलं, "बाकी काही केलं नाहीत ना?" नाही केलं. प्लेट मोकळी व्हायला पेडलचा शेवटचा भाग लागतो, तो कापला गेला की क्लच सुटत नाही, एवढंच. सीट फार मागे असेल तर उंचीनं कमी माणसाचंही हेच होतं.

दुसरं, ब्रेक. सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून गाडी हातानं ढकलून बघा. छोटी गाडी एका माणसानं हलली पाहिजे. पावसाळ्यात मागचे ड्रम धरून राहतात, हँडब्रेकची केबल गंजून अडकते, आणि मग गाडी ओढत नाही म्हणून बिचारा क्लच बदनाम होतो. वर जळका वास येतो तो ब्रेकचा. चाकाजवळ नाक नेलं की कळतं वास कुठून येतोय. हात मात्र लावू नका, डिस्क तापलेली असते.

तिसरं, काटा. गाडी ओढत नाही तेव्हा आरपीएम चढतो का बघा. चढत नसेल तर घसरण नाही, इंजिनच दम टाकतंय: एअर फिल्टर चोक, टर्बोचा होज सुटलेला, इंजेक्टर. हा फरक न करता गिअरबॉक्स उतरवून नवा क्लच टाकलेल्या, आणि तरीही न ओढणाऱ्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. त्या मालकाला काय सांगायचं हा प्रश्नच पडतो.

चौथं, स्वतःचा पाय. एक दिवस लक्ष ठेवा, गिअर बदलून झाल्यावर डावा पाय कुठे असतो. पेडलवर नुसता टेकवलेला पायसुद्धा रिलीज बेअरिंगला, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगला, सतत फिरवत ठेवतो आणि प्रेशर थोडं कमी करतो. ड्रायव्हिंग स्कूलची सवय असते ती. सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून बसू नका. न्यूट्रल, हँडब्रेक, पाय खाली. आणि चढावर गाडी क्लचवर तोलून धरणं, पुढे-मागे झुलवत, हे तर सरळ प्लेट तव्यावर भाजणं. गायमुखच्या घाटात घोडबंदर रोड तुंबतो तेव्हा खिडकी उघडून बघा, आजूबाजूच्या गाड्यांचा वास येतो.

गर्दीत पुढे एक गाडीभर जागा होऊ द्या, मग पहिल्यात सुटून क्लच पूर्ण सोडा. एवढी जागा सोडली की रिक्षा घुसते, मान्य. घुसू द्या.

बॉनेट उघडून, दोन-चारशे रुपयांत

तुमची गाडी केबलची आहे की तेलाची, हे आधी बघा. मारुती ८००सारख्या जुन्या छोट्या गाड्यांत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत तारेची केबल असते. नव्या आणि मोठ्या गाड्यांत बहुधा पेडलकडे मास्टर सिलिंडर, मध्ये तेलाची नळी आणि गिअरबॉक्सकडे स्लेव्ह सिलिंडर.

केबलच्या गाडीत पेडल हातानं हलकं दाबा. सुरुवातीचा थोडा प्रवास सैल, मग जोर लागायला सुरुवात. ते सैल अंतर म्हणजे फ्री प्ले. बहुतेक गाड्यांत ते १५ ते २५ मिलिमीटरच्या घरात असतं, नेमकं माप गाडीच्या पुस्तकात. प्लेट झिजते तसं हे अंतर आपोआप कमी होत जातं. शून्यावर आलं की बेअरिंग सतत टेकलेलं राहतं, क्लच पूर्ण बसत नाही, आणि अजून निम्मी शिल्लक असलेली प्लेट घसरायला लागते. गिअरबॉक्सच्या टोकाला केबलचं नट असतं, ते दोन-तीन फेरे सैल केलं की काम झालं. उलट फ्री प्ले खूप जास्त असेल तर क्लच सुटत नाही, तेव्हा नट आवळायचं. पाच मिनिटांचं काम. पण दर दोन महिन्यांनी तेच करावं लागत असेल तर प्लेट संपत आली आहे, नटाचा दोष नाही.

केबल जड चालत असेल तर तिची तार आतून सुटायला लागलेली असते. टोकाजवळ एखादा धागा पिंजलेला दिसला तर लगेच बदला. केबल काही शेकड्यांत येते, आणि तुटते ती हमखास जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या मधोमध.

तेलाच्या गाडीत गोष्ट जरा उलटी आहे, आणि ती पुष्कळ मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. क्लच झिजला म्हणून तेलाची पातळी खाली जात नाही. प्लेट पातळ होते तसा बाहेरच्या स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि तेल उलट बॉनेटखालच्या तेलाच्या डबीकडे परत येतं. म्हणजे पातळी उतरली असेल तर एक तर कुठेतरी गळती आहे, किंवा डबी ब्रेकशी सामाईक आहे आणि ब्रेक पॅड झिजले आहेत. सामाईक डबीत क्लचची नळी बहुधा वरच्या अंगाला जोडलेली असते, म्हणून तेल कमी झालं की आधी क्लच बसतो, ब्रेक मागून. तो इशारा आहे. तेव्हा डबी भरून "चाललं तेवढं चालू दे" करू नका.

गळती दोन ठिकाणी शोधा. पेडलच्या वर, जिथून दांडा आत जातो तिथे बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर गेला. आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्हच्या रबरी टोपीत. टोपी हलकी उचला, आत तेल असेल तर स्लेव्ह. क्लचलाही ब्रेकचंच तेल लागतं; ते घालताना झाकणावर लिहिलाय त्याच डॉट नंबरचं (तेलाचा दर्जा) घ्या. घरात पडलेलं इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल चुकूनही नाही, सगळे रबरी सील फुगून बसतात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं आणि मुंबईच्या हवेत पाणी काय कमी आहे? दोन वर्षांनी बदलाच. आणि ते रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्यानं धुवा.

पेडल दोन-चारदा पंप केल्यावर क्लच नीट सुटत असेल, पुन्हा थोड्या वेळानं बसत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. एअर काढायला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो. पण हवा आपली आपण शिरत नाही. एअर काढून आठ दिवसांत तेच झालं तर सिलिंडरचं सील गेलंय.

थरथर आणि आवाज

सुटताना गाडी थरथरते म्हणून सरळ क्लच बदलू नका, आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बघा. रबर फाटलं की गाडी निघताना इंजिन उचललं जातं आणि क्लच धरल्यासारखा वाटतो. बघायची पद्धत: जाणत्या माणसानं पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही घट्ट धरायचे, पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच अगदी किंचित उचलायचा, तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती डुलतं ते बघायचं. बाजूला म्हणतोय. पुढे किंवा मागे उभं राहायचं नाही. आमच्या गल्लीत एकाचा गुडघा असाच गेलाय.

माउंटिंग ठीक असेल तर मग प्लेटवर तेल किंवा फ्लायव्हीलवर जळके डाग, आणि ते दिसायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. एक अपवाद पावसाचा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर प्लेट ओली होऊन थोडा वेळ थरथरते, घसरतेही. हळू चालवत दहा-पंधरा किलोमीटर गेलं की बहुतेक वेळा जातं. दुसऱ्या दिवशीही राहिलं तर आत चिखल गेलाय.

आवाजाचं कोडं फुकटात सुटतं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, काचा वर, एसी बंद. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल वर असताना घरघर, आणि दाबलं की गप्प, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. दुसरं निघालं तर खर्च क्लचचा नाही, गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्स खोलणारा माणूस वेगळा असतो, हे आधीच धरून चला.

रिव्हर्सची परीक्षाही अशीच. पेडल पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही कर्रर्र झालं तर क्लच सुटत नाही. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (दातांचे वेग जुळवून गिअर गुपचूप बसवणारी रिंग) नसतो, म्हणून जराशी ओढही तिथे लगेच ऐकू येते. चार सेकंदांनी शांत पडत असेल तर क्लच बरा आहे, घाई तुमची होती.

चालवून बघायची परीक्षा

पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा असतो तेव्हा, फ्लायओव्हरच्या चढावर, ५०च्या आसपास वेगात चौथा गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग एकत्र हळूहळू वर गेले तर क्लच धरून आहे. काटा एकदम हजारभर उसळला आणि वेग मागे राहिला, तर घसरतोय. वरच्या गिअरमध्येच का? खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन पळते, इंजिनाचा पूर्ण जोर क्लचवर फार वेळ टिकत नाही. वरच्या गिअरमध्ये टिकतो, म्हणून संपत आलेला क्लच आधी चौथ्या-पाचव्यात उघडा पडतो. पहिल्या-दुसऱ्यात घसरायला लागला असेल तर या परीक्षेची गरजच नाही, टो व्हॅनला फोन करा.

जागच्या जागी करायची परीक्षा लोकांना जास्त आवडते: हँडब्रेक लावून, तिसरा टाकून क्लच सोडायचा, इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. ती बरोबर आहे, पण एकदाच. समोर भिंत नको, माणूस नको. बंद पडलं नाही तर लगेच पेडल दाबा. सोसायटीतल्या चार मित्रांना दाखवायला चारदा केलीत तर शेवटच्या वेळी प्लेट खरोखर जळालेली असेल.

गणपतीच्या आधीचा आठवडा माझ्याकडे याच परीक्षेचा असतो. पाच माणसं, डिकीत मखर, छतावर सामान, आणि पळस्पे ते माणगाव रांगच रांग. बोगद्यामुळे कशेडी घाट सोपा झालाय, पण रांगेचं काय करणार? चौथ्यात घसरणारी गाडी त्या रस्त्याला पोचत नाही. अशा गाडीच्या मालकाला मी सरळ सांगतो, एक तर आज ठेवून जा, नाहीतर एसटीचं बघा.

इथे थांबा

आतापर्यंतचं सगळं घरी करण्यासारखं आहे. यापुढचं नाही. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी वर, ड्राइव्ह शाफ्ट बाहेर, इंजिन खालून आधारावर, आणि तीस-चाळीस किलोचा डबा छातीवर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसत्या जॅकवर हे करणारा हुशार माणूस मी पाहिलाय. जॅक हलला तेव्हा तो सुदैवानं चहा प्यायला उठला होता.

खालील वेळी तर तपासतही बसू नका, गाडी बाजूला घ्या:
- बॉनेटखालून धूर येतोय
- पेडल एकदम तळाला गेलं आणि डबी ब्रेकशी सामाईक आहे
- गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकतंय
- धातूवर धातू घासल्याचा आवाज
- गाडी पाण्यात बंद पडली होती

आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यावर क्लच अजिबात सुटत नसेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. २०२०च्या लॉकडाऊननंतर अशा गाड्यांची रांग लागली होती. गिअरमध्ये स्टार्ट मारून झटके देऊन सोडवायचे प्रकार लोक सांगतात. सुटली तर सुटली, नाहीतर लेदर, म्हणजे प्लेटवरचं घासणारं अस्तर, उपटून येतं. मेकॅनिकला मोकळ्या जागी करू द्या.

गिअरबॉक्स उतरलाच तर

समोर उभे राहा आणि जुनी प्लेट हातात मागा. ती सगळं सांगते. लेदर सगळीकडे सारखं झिजून रिवेटच्या डोक्याशी आलं असेल तर तिनं आपलं आयुष्य काढलं, तक्रार नको. लेदर जाड, पण काचेसारखं चकचकीत आणि फ्लायव्हीलवर निळे डाग, म्हणजे भाजली: चढ, हाफ क्लच, जड पाय. मधोमध काळा ओला पट्टा असेल तर तेल, मग क्रँकचा मागचा सील किंवा गिअरबॉक्सचा पुढचा सील आत्ताच बदला. नाहीतर नवी प्लेट तीन महिन्यांत तशीच ओली होईल आणि लेबर दुसऱ्यांदा. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं टोकाला घासून चमकली असतील तर पाय पेडलवर ठेवायची सवय; हे मी मालकाला दाखवतो, आणि मालक ड्रायव्हरकडे बघतो.

मुलुंडच्या काकांच्या गाडीत १,८७,०००ला मी गिअरबॉक्स उतरवला तो क्लचसाठी नव्हे, सीलच्या गळतीसाठी. प्लेट काढून मापली, रिवेटच्या वर जेमतेम अर्धा मिलिमीटर. घसरत नव्हती. काकांचं म्हणणं, चालतेय तर परत टाक. मी म्हटलं, काका, हा अर्धा मिलिमीटर संपला की मी पुन्हा हेच लेबर घेणार. त्यावर ते दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिले, मग नव्या सेटला हो म्हणाले. जुनी प्लेट पेपरात गुंडाळून घरी घेऊन गेले, मुलाला दाखवायला.

सेट म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही. नुसती प्लेट टाकून पैसे वाचवू नका. खर्चातला मोठा हिस्सा उतरवण्याचा असतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खाचा असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे सपाट करून घ्या. पण काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग. त्यावर लेथ चालवायचं नाही, ते खराब असेल तर बदलायचं. छोट्या पेट्रोल गाडीचा सेट काही हजारांत येतो, तिथे हा एक भाग त्याच्या कितीतरी पट जातो, म्हणून आधी विचारा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, खरंही आणि पॉलिश करून पॅक केलेलंही. सील फोडलेला डबा घेऊ नका, बिल घ्या, आणि रिकंडिशन प्लेट, म्हणजे जुन्या पत्र्यावर नवं लेदर, ती तर बिलासकट नको. आतली जुनी प्लेट झटकताना हवेचा पाइप मारू नका आणि मारू देऊ नका. जुन्या लेदरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ नाकात जायला नको.

नवा क्लच पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून: चढावर ताणायचं नाही, दुसऱ्यानं उचलायचं नाही. केबलची गाडी असेल तर हजार किलोमीटरनंतर फ्री प्ले बघायला घेऊन या, त्याचे पैसे मी घेत नाही. पण सकाळी नऊच्या आत या. नऊनंतर एलबीएसला लागलात तर माझ्यापर्यंत पोचेस्तोवर दीडशे वेळा क्लच दाबून झालेला असेल.